रिकामा बसला की बंद पडणारा कॉम्प्युटर

"मामा, पुन्हा गेला."

रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. भाचा नागपुरात मानेवाड्याला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ दिवसांपूर्वीच बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, नवा प्रोसेसर आणि एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला होता. जुना सहा कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग) काढला आणि त्याच मदरबोर्डावर, त्याच सॉकेटात आठ कोरचा बसवला. बसवताना मी सोबत होतो. पहिल्याच बटणाला सुरू झाला म्हणून दोघांनी एकमेकांना टाळीही दिली.

"काय करून राहिला होता?" मी विचारलं.

"काहीच नाही ना! पीडीएफ उघडली होती फक्त."

त्या दिवशी दुपारीच त्याने तासभर सगळे कोर पिळून काढणारी चाचणी चालवली होती आणि ती ठणठणीत पास झाली होती. आठही कोर शंभर टक्के राबतात तेव्हा काही होत नाही, आणि पीडीएफ वाचताना गडी आडवा! त्यात नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होता, म्हणजे 'गरम झाला असेल' हे उत्तर घरादाराने, शेजाऱ्यांनी आणि इस्त्रीवाल्यानेही देऊन झालं होतं. ते उत्तर चुकीचं होतं. ते कसं कळलं आणि खरं कारण कसं सापडलं, ते सांगतो. पण आधी प्रोसेसर 'अस्थिर' होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू.

घमेल्यांची रांग

स्लॅब पडताना पाहिला असेल. मिक्सरपासून वरपर्यंत माणसांची रांग उभी असते आणि घमेली हातोहात वर जातात. मुकादम ताल देतो. प्रत्येक तालावर प्रत्येकाने हातातलं घमेलं पुढे द्यायचं आणि मागचं घ्यायचं. ताल वाढवला की काम वाढतं. पण एका मर्यादेनंतर रांगेतला सगळ्यांत हळू माणूस चुकतो. ताल पडतो, पण त्याचं घमेलं अजून पुढच्याच्या हातात पोचलेलं नसतं.

प्रोसेसरमध्ये घमेल्याच्या जागी शून्य किंवा एक असतो आणि ताल म्हणजे क्लॉक. ४.७ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४७० कोटी ताल. दोन तालांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसहा सेंटीमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे तुमच्या तर्जनीएवढंच अंतर. एवढ्या अवधीत सिग्नलने असंख्य ट्रान्झिस्टरांमधून वाट काढत पुढच्या टप्प्यावर हजर व्हायचं असतं. तो वेळेत पोचला नाही तर पुढचा टप्पा जुनाच आकडा उचलतो. एकच्या जागी शून्य.

रांगेतल्या माणसांच्या अंगात ताकद आणतं ते व्होल्टेज. ते जास्त असेल तर ट्रान्झिस्टर भराभर उघडझाप करतात, कमी असेल तर आळसावतात. मग भरपूर व्होल्टेज देऊन मोकळं का होत नाही? कारण विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं की वीज एकवीस टक्के जास्त जाते, तेवढीच उष्णता वाढते आणि चिपचं आयुष्यही घटतं. म्हणून कारखान्यातच प्रत्येक चिपसाठी एक तक्ता ठरतो: इतक्या वेगाला इतकं व्होल्टेज, आणि वर थोडी शिल्लक. ती शिल्लक खूप महत्त्वाची. उष्णता, विजेतली क्षणिक घसरण, चिपचं वय, आपली हौस, असे सगळे त्या शिलकीतूनच खातात. शिल्लक संपली की प्रोसेसर अस्थिर झाला. त्यात काही तुटलेलं किंवा जळलेलं असेलच असं नाही.

एक आकडा चुकला तर पुढे काय होतं, हे तो कुठे चुकला त्यावर आहे. चित्रातल्या एखाद्या ठिपक्याच्या रंगात चुकला तर कुणाच्या बापाला कळत नाही. मेमरीच्या पत्त्यात चुकला तर प्रोग्रॅम धाडकन बंद होतो. विंडोजच्या गाभ्यात चुकला तर निळा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) पडदा येतो. आणि प्रोसेसरच्या आतल्या तपासनिसाने चूक पकडली, पण ती दुरुस्त करण्याजोगी नसेल, तर तो मशीन थांबवतो आणि थेट रीस्टार्ट होतो. म्हणून एकाच रोगाची लक्षणं रोज वेगळी दिसतात. त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडा मुकाट्याने फाइलीत लिहिला जाऊ शकतो. तेव्हा शोधाशोध सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "माझं सगळं फोनमध्येच आहे." ठीक आहे.

वही

पहिलं काम मी त्याला हे दिलं की काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. किती वाजता बंद पडला, काय चालू होतं, निळा पडदा आला की नुसता काळा, आपोआप परत सुरू झाला की बटण दाबावं लागलं, कुठून काही आवाज आला का. त्याला हे पटलं नाही. त्याच्या वयाच्या मुलांना आधी काहीतरी बदलायचं असतं. मीसुद्धा तसाच होतो: एकाच रात्री रॅम काढून घालायची, बायोस (बोर्डातला, कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट करायचं, विंडोज नव्याने टाकायचं, आणि मग बरा झाला तर कशाने झाला हे कळायचं नाही, बिघडला तरी कळायचं नाही.

सहा दिवसांनी वहीत नऊ नोंदी झाल्या आणि त्यांचे आपसूक दोन गट पडले. चार नोंदी गेम खेळतानाच्या होत्या. त्यात लिहिलं होतं, 'शिट्टी वाजली, खटकन बंद, मॉनिटरचा लाइट पण गेला'. पाच नोंदी रिकाम्या वेळच्या. 'रीस्टार्ट झाला, मॉनिटरचा लाइट चालूच'.

सगळी किल्ली त्या मॉनिटरच्या बारक्या दिव्यात होती. कॉम्प्युटर आतून कोसळला तर मॉनिटरला वीज मिळतच राहते. त्याचा दिवा निळ्याचा पिवळा होतो, विझत नाही. दिवाच विझला म्हणजे कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोघांची वीज एकदम गेली, आणि दोघांना वीज येत होती ती एकाच यूपीएसमधून. म्हणजे आम्ही एका रोगाच्या मागे लागलो होतो आणि रोग निघाले दोन.

६०० म्हणजे ३६०

यूपीएसवर '६०० व्हीए' लिहिलेलं असतं आणि लोक ते ६०० वॅट समजतात. तसं नाही. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच झेपवतो. हा आकडा मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. एकदा वळून बघाच.

आता हिशेब मांडू. प्रोसेसरच्या डब्यावरचा वॅटचा आकडाही फसवा असतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटातला '१०५ वॅट' लिहिलेला प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत ओढतो. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के वर मूळ आकडा १२५ आहे, पण टर्बोत, म्हणजे वेग चढवताना, २५३ वॅटची मुभा आहे. भाच्याचा प्रोसेसर १०५ वाला होता. त्यात नवं ग्राफिक्स कार्ड दोनशेच्या घरात, वर बोर्ड, डिस्क, पंखे, आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) स्वतः खातो ते वेगळं. शिवाय मॉनिटर. गेममध्ये जोराचा सीन आला की बेरीज ३६०च्या पुढे. यूपीएस शिट्टी मारतो आणि जीव सोडतो. जुन्या प्रोसेसरवर हा प्रश्न कधी आला नव्हता, म्हणून सगळा संशय नव्यावर गेला.

खात्री करायला एक संध्याकाळ कॉम्प्युटर यूपीएस सोडून सरळ भिंतीतल्या प्लगवर लावला. तीन तास गेम चालला. १००० व्हीएचा, ६०० वॅटचा यूपीएस आला आणि वहीतला पहिला गट तिथेच मिटला.

ज्यांच्याकडे यूपीएस नाही, घरच्या इन्व्हर्टरवरच कॉम्प्युटर चालतो, त्यांनी इन्व्हर्टरच्या मागचं बटण पाहावं. बऱ्याच इन्व्हर्टरना 'यूपीएस मोड' असतो. तो बंद असेल तर लाइट जाताना बॅटरीवर यायला जो थोडा उशीर लागतो, तो पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटरला पुरेसा होतो.

गरम होतो म्हणजे बंद पडतो का?

राहिला दुसरा गट. रिकाम्या वेळी रीस्टार्ट. ताईचं मत पक्कं होतं, "एवढ्या उन्हात माणसं पडतात, मशीन नाही पडणार?" नागपुरात मे महिन्यात या मताविरुद्ध बोलणं कठीण.

पण आजचे प्रोसेसर गरम झाले की आधी हळू होतात, एकदम बंद पडत नाहीत. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत बहुतेकांची कमाल मर्यादा ९० अंश आहे, ७००० मालिकेत ९५, इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये १००. तिथे पोचले की ते स्वतःच वेग उतरवतात. त्याच्याही वर गेले तर जीव वाचवायला बंद होतात, पण तिथपर्यंत जायला काहीतरी ढोबळ चूक लागते. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढायचीच राहून गेली, पंख्याची वायर चुकीच्या पिनवर लावली, चार स्क्रूंपैकी एक ढिला राहिला. (कूलर म्हणजे इथे प्रोसेसरवरचा. नागपुरात हे वेगळं सांगावं लागतं.)

उन्हाचा हिशेब सोपा आहे. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर स्वार असतं. डिसेंबरात खोली २५ अंश असताना एखाद्या कामाला प्रोसेसर ६५ वर जात असेल, तर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला तो साधारण ८० वर जाईल. फरक तोच, चाळीस. हा फरकच वाढला तर पेस्ट, पंखा, धूळ यांची चौकशी करा. आणि कॅबिनेटला खसच्या ताट्यांच्या कूलरपुढे बसवण्याचा मोह टाळा. हवा गार लागते खरी, पण सोबत ओल आणि बोअरच्या पाण्यातले क्षारही येतात. एका ओळखीच्यांच्या कॅबिनेटमधून मी पांढरी पूड ब्रशने झाडली आहे, ती धूळ नव्हती.

भाच्याच्या मशीनवर एचडब्ल्यू-इन्फो (तापमान आणि व्होल्टेज नोंदवणारा प्रोग्रॅम) लावून ठेवलं. रीस्टार्टच्या आधीचं शेवटचं तापमान सापडलं ५२ अंश. उन्हाला निर्दोष सोडावं लागलं.

त्याच यादीत एक भयंकर आकडा मात्र होता: १२ व्होल्टच्या लाइनवर १०.८. नियमाप्रमाणे एसएमपीएसची ही लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी. भाचा एसएमपीएस घ्यायला निघालाच होता. मी त्याला ३० मे २०२४ ची आठवण करून दिली. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. बोर्डावरचे व्होल्टेजचे सेन्सर अगदी असेच असतात. मल्टीमीटर काढला, डिस्कच्या जुन्या चार पिनी कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर टोकं लावली. १२.०९. एसएमपीएसचे पैसे वाचले. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर झटका देतात.

विंडोजची डायरी

आपली वही असते तशी विंडोजचीही एक असते. तिचं नाव इव्हेंट व्ह्यूअर. त्यात 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक ते गुगलवर टाकून रात्र घालवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. ते आपल्याला आधीच माहीत असतं.

शोधायची ती नोंद 'डब्ल्यूएचईए-लॉगर'ची. हार्डवेअरमधल्या चुका तिथे उतरतात. क्रमांक १९ म्हणजे चूक झाली होती, पण दुरुस्त झाली. क्रमांक १८ म्हणजे चूक जीवघेणी होती. नोंद उघडली की आत 'एपिक आयडी' म्हणून एक आकडा असतो. कुठल्या कोरवर चूक झाली ते तो सांगतो. आठ कोरांचे सोळा धागे, ० ते १५. दोन-दोन आकडे एका कोरचे.

रिकाम्या वेळच्या पाच रीस्टार्टांपैकी चारांना १८ क्रमांकाची नोंद सापडली, कॅशमधली, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीतली, चूक. एपिक आयडी होते ६, ७, ६ आणि ६. म्हणजे चारही वेळा एकच कोर. चुका सगळ्या कोरांवर विखुरलेल्या असत्या तर रॅम किंवा विजेकडे पाहिलं असतं. एकाच कोरचं नाव पुन्हा पुन्हा येतं म्हणजे रांगेतला एकच माणूस घमेलं टाकतोय. सगळ्यांत हळू माणूस. मग प्रश्न उरतो, तो जन्मतःच अशक्त आहे की कुणी त्याचं जेवण कमी केलं?

रॅमची चौकशी, तरीही

कारण रॅमला वगळून कुणाचाच तपास पूर्ण होत नाही. "पण मामा, रॅम तर जुनीच आहे, दोन वर्षं चालली," असं भाचा म्हणाला. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रॅमशी बोलणारा कंट्रोलर आता बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडीने तो २००३ मध्ये ॲथलॉन ६४ सोबत आत घेतला, इंटेलने २००८ मध्ये. म्हणजे प्रोसेसर बदलला की रॅमचा कंट्रोलरही बदलला. जुन्याबरोबर गुण्यागोविंदाने नांदलेली रॅम नव्याबरोबर त्याच वेगाला नांदेलच असं नाही.

शिवाय पाकिटावर लिहिलेला रॅमचा वेग आपोआप मिळत नाही. डीडीआर५ ची, म्हणजे सध्याच्या पिढीच्या रॅमची, मूळ चाल बहुधा ४८०० ची. पाकिटावर ६००० असेल तर तो वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) चालू केल्यावर येतो, आणि ते चालू करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, मूळ वेगाच्या वर पळवणं, भले एका क्लिकचं असो. दोन स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात हव्या. चार स्टिक लावल्या तर वेग उतरवायची तयारी ठेवा. एएम५ (एएमडीचं एएम४ नंतरचं सॉकेट) च्या सुरुवातीच्या प्रोसेसरना चार स्टिकवर अधिकृत वेग फक्त ३६०० आहे. नव्या डीडीआर५ बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं पडदा काळाच राहिला तर घाबरून बटण दाबू नका. रॅमची ओळखपरेड चालू असते.

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवला. सकाळी शून्य चुका. एक जरी चूक निघाली असती तरी रॅमचा वेग मूळ चालीवर आणून पुन्हा तपासलं असतं.

सगळं मुळावर आणा

खरं तर ही पायरी पहिली हवी होती. आम्ही ती पाचवी घेतली, कारण भाचा शपथेवर सांगत होता की बायोसमध्ये त्याने हातच लावला नाही.

बायोसमध्ये मूळ सेटिंग परत आणायचा पर्याय असतो. तिथपर्यंतही पोचता येत नसेल तर प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ चा गोल सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवायचा. सोबत बोर्डाच्या कंपनीच्या पानावर जाऊन आपला प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो तेही पाहायचं. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर कधी कधी सुरू होतो, पण त्याचा व्होल्टेजचा तक्ता बायोसला नीट ठाऊक नसतो. बायोस अपडेट करताना मशीन मूळ सेटिंगवर हवं आणि बाहेर वादळी ढग नसावेत. अपडेटच्या मध्ये वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

मूळ सेटिंगवर तीन दिवस, सहा दिवस, एकही रीस्टार्ट नाही. मग एकेक गोष्ट परत आणायला घेतली, दोन दिवसांना एक. पंख्यांचा वेग: ठीक. रॅमचा एक्सएमपी: ठीक. मग मी विचारलं, आधी हे सगळं तू एकेक लावलं होतंस?

"नाही. माझं प्रोफाइल सेव्ह होतं ना, तेच लोड केलं."

प्रोफाइल उघडलं. पंखे, रॅम, आणि तिसऱ्या पानावर एक ओळ: सीपीयू व्होल्टेज ऑफसेट, उणे ०.१००.

भाचा त्या ओळीकडे बघतच राहिला. आदल्या मे महिन्यात जुना प्रोसेसर तापतो म्हणून त्याने एक व्हिडिओ पाहून व्होल्टेज एक दशांश व्होल्टने उतरवलं होतं. जुन्याला ते मानवलं, तापमान सात-आठ अंशांनी घटलं, आणि तो विसरून गेला. "मामा, ते तर जुन्यासाठी होतं."

आता कोडं सुटतं. आठही कोर राबत असताना वॅटची मर्यादा आडवी येते, म्हणून वेग ४.२-४.३ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो. त्या वेगाला तक्त्यात मुळात कमी व्होल्टेज असतं आणि शिल्लक बरी असते. एक दशांश कापलं तरी भागलं. पीडीएफ वाचताना मात्र काम एकाच कोरला असतं, तेही क्षणभराचं. वॅट भरपूर मोकळे, म्हणून प्रोसेसर त्या एका कोरला ४.७ पर्यंत उडवतो. इथे १.४ व्होल्टच्या वर लागतं आणि शिल्लक अगदी काठावरची. तिथून एक दशांश कापलं की संपलं. मुकादम सगळ्या रांगेला संथ चालवतो तेव्हा कुणाचं चुकत नाही. पण एकाला बाजूला काढून पळायला लावलं, आणि तोही अर्ध्या भाकरीवर.

खात्री हवीच होती. 'कोअरसायक्लर' नावाची एक छोटी फुकट युक्ती आहे. ती प्राइम९५ या चाचणीचं गणित एका वेळी एकाच कोरवर चालवते, म्हणजे प्रत्येकाला आळीपाळीने पळवते. प्राइम९५ ला उत्तर आधीच माहीत असतं. कोरचं उत्तर जुळलं नाही की तो चूक नोंदवतो. उणे ०.१ वर चौथा कोर अठरा मिनिटांत चुकला. ऑफसेट शून्य केल्यावर रात्रभर एकही चूक नाही. सगळे कोर एकदम पिळणारी चाचणी यात काहीच सांगू शकली नसती. ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होती.

आणि प्रोसेसरच खराब निघाला तर?

बर्डीवर एका दुकानदाराने ऐकवलं होतं, "भाऊ, बाकी सगळं जाते, प्रोसेसर नाही जात." नव्याण्णव वेळा तो बरोबर असतो. पण शंभरावी वेळ येते.

१९९४ मध्ये पेंटियमच्या काही भागाकारांची उत्तरं चुकत होती. इंटेलला त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. २०१६ च्या सुरुवातीला स्कायलेक प्रोसेसर प्राइम९५ च्या एका ठरावीक गणितावर गोठत होते. ते मायक्रोकोडने, म्हणजे बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचनांनी, दुरुस्त झालं.

सगळ्यांत ताजं आणि आपल्या कामाचं प्रकरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं. त्यात खेळाडूंना गेम उघडताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले, आणि दोष होता प्रोसेसरमध्ये. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. आमच्या घरचं नेमकं उलटं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आलं, त्याने मागणी १.५५ व्होल्टच्या आत बांधली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आलं. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने क्लॉकचं सर्किट झिजतं, आणि पूर्वी जेवढ्यात भागायचं त्याहून जास्त व्होल्टेज लागू लागतं. म्हणजे शिल्लकच कायमची खर्च होते. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. म्हणून इंटेलने डब्यातून विकलेल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या दोन पिढ्यांतला ६५ वॅट किंवा त्यावरचा डेस्कटॉप प्रोसेसर सेकंडहँड घेणार असाल, तर बायोस कधी अपडेट केलं होतं आणि वॉरंटी किती उरली आहे, हे दोन प्रश्न दराच्या आधी विचारा.

तुमच्या मशीनवर बायोस ताजं आहे, सगळं मूळ सेटिंगवर आहे, रॅम मूळ चालीवर आणि तपासलेली आहे, वीज नीट आहे, आणि तरीही एकच कोर चुकतोय, तर मग वॉरंटीच. शक्य असेल तर मित्राच्या बोर्डावर घालून एकदा पाहा. एएम४ चा प्रोसेसर काढत असाल तर मशीन आधी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या आणि कूलर हलकेच पिळत सोडवा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटातून पिनांसकट कूलरला चिकटून वर येतो. वाकलेल्या पिनेला कुणी वॉरंटी देत नाही.

भाच्याने ते जुनं प्रोफाइल पुसून टाकलं. नव्याला 'नवा-जून' असं नाव दिलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यातली प्रत्येक सेटिंग हाताने उतरवली. ६०० व्हीएचा जुना यूपीएस आता राउटरला लावला आहे. लाइट गेली तरी घरात नेट चालूच राहतं, आणि मुलगा आता अंधारातही फोन सोडत नाही म्हणून ताईचा फोन मला येतो.